पडीक म्हणायचं नाही

नवरा गेल्यावर थोरल्या दिरांनी चुलीजवळचा कोपरा देऊ केला, तेव्हा काकूंनी दोन मुलींना पुढे घातलं, खांद्यावर पहार टाकली आणि गावाबाहेरचा माळ गाठला.

"चार दिवसांत परत याल," दीर म्हणाले.

"राबायचंच आहे ना भाऊजी? मग स्वतःच्या मातीत राबेन."

माती होती कुठे म्हणा! दगडच उदंड. काकू पहारीने दगड उकलायच्या, मुली ते उताराला रचायच्या. पहिलं पीक पाखरांनाही पुरलं नाही. गाव हसलं. काकूंनी बांध हातभर आणखी चढवला. तिसऱ्या वर्षी बांधाने माती धरली, तसा एक सुतार बिऱ्हाड घेऊन आला, मागोमाग इतरही आले. सगळ्यांनी मिळून विहीर खणली. तीस वर्षांत अकरा घरं उभी राहिली.

मग एके दिवशी मोजणीदार आला. रस्त्याच्या खडीसाठी इथे खाण काढायची होती आणि त्याच्या नकाशात हा सगळा माळ 'पडीक' होता.

"इथे वस्तीच नाही, बाई."

"मग आत्ता पाणी कुणाच्या घरचं प्यायलात?"

मोजणीदार ओशाळला. "नकाशात नाही, असं म्हणतोय मी."

"मग नकाशा चुकलाय. चला माझ्याबरोबर."

भर उन्हात काकूंनी त्याला एकूण एक बांध चालायला लावला. हा कुणी रचला, तो कुणाच्या पायावर कोसळला, कुठल्या घरात कोण जन्मलं, सगळं सांगत.

"काकू, साहेब दमले," सुतार कुजबुजला.

"दमू देत. आपण तीस वर्षं दमलोय."

शेवटी मोजणीदार बांधावरच बसला. "माझ्या हातात काही नाही हो."

"पेन्सिल आहे ना?"

त्याने अकरा चौकोन काढले. काकूंनी नकाशावर बोट ठेवलं. "इथे बारावा. धाकटीचं घर."

"तिथे नुसता पाया खणलाय!"

"तुमचा नकाशा छापून येईपर्यंत बांधते."

कचेरीने दोनदा खोडा घातला. दोन्ही वेळा काकू अख्खी वस्ती घेऊन दारात जाऊन बसल्या. अखेर खाण टेकडीपलीकडे गेली. बारा चौकोनांचा नकाशा आला तेव्हा धाकटीच्या घराचं छप्पर अर्धंच झालं होतं, पण लेक-जावई आधीच राहायला आले होते.