उतरता खांदा

कोटाचं माप घेताना टेलरकाका वहीत काहीतरी लिहीत होते. मी डोकावलो. आकड्यांखाली लिहिलं होतं, 'डावा खांदा उतरता.' रोज आरशात बघूनही मला हे ठाऊक नव्हतं.

"आत कापडाची एक घडी जास्त घालतो, मग सरळ दिसतो," काका म्हणाले. "तुमच्या वडिलांचाही असाच होता. त्यांना हे कधी बोललो नाही."

रस्त्यावर येणाऱ्याजाणाऱ्यांचे खांदे बघत चाललो. यातले मुळात सरळ किती, आणि कुण्या टेलरने सांभाळून घेतलेले किती?

घरी वडिलांचा जुना कोट काढून डावा खांदा चाचपला. घडी होती. हाच कोट घालून ते मला म्हणायचे, "वाकडा काय उभा राहतोस? माझ्याकडे बघ."