अंगाऱ्याखालची गाठ

माझी देवावर श्रद्धा होती की मला नुसती डॉक्टरची लाज वाटत होती, हे मला आजही नीट सांगता येत नाही. आम्ही तेव्हा अंबरनाथला राहत होतो. हे काडेपेटीच्या कारखान्यात कारकून होते. धाकटीचं अंगावरचं दूध तुटून वर्ष झालं होतं. एका सकाळी न्हाताना डाव्या छातीत, काखेच्या बाजूला, बोराएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती. दुखली असती तर मी घर डोक्यावर घेतलं असतं, माझा स्वभावच तसा. सुईण म्हणाली, "दूध गोठलंय बाय. एरंडाचं पान शेकून बांध. आन् पुरुषांच्या कानावर नको घालू." मी तसंच केलं.

पानाने काही होईना, तेव्हा सोळा सोमवार धरले. सकाळी वालधुनीत बुडी मारायची, ओलेत्याने शिवमंदिराच्या पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जायचं, पिंडीवर पाणी घालायचं आणि अंगारा गाठीवर चोळायचा. सोळा पुरे होईपर्यंत डॉक्टरचं तोंड पाहायचं नाही, असं मी ठरवून टाकलं. एकदा देवावर भार टाकला की दुसऱ्या दारात उभं राहणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास, असं मला वाटे. गाठ वाढत होती, तरी मी सोमवार मोजत राहिले.

सातव्या सोमवारी, पूजा करून नदीकाठी लुगडं बदलताना पदर सरकला. शेजारी एक सिंधी बाई पाय धूत होती. फाळणीनंतर उल्हासनगरच्या कॅम्पात आलेल्यांपैकी, पापडांची टोपली घेऊन हिंडणारी. तिने माझ्या राख फासलेल्या छातीकडे टक लावून पाहिलं.

"ये क्या लगाया है, बेटी?"

"अंगारा," मी फणकाऱ्याने म्हटलं आणि पाठ फिरवली.

तिने माझं मनगट धरलं आणि माझा हात सरळ आपल्या कुडत्यात नेला. तिथे काहीच नव्हतं. नुसत्या फासळ्या, आणि त्यांवर ओढून शिवलेली कातडी. मी हात झटकन मागे घेतला.

"दुखती नहीं थी," ती म्हणाली. "इसलिए मैं बैठी रही. मेरी बहन मुझसे भी ज़्यादा बैठी. वो चली गई."

"सोलह सोमवार पूरे होने दो," मी कशीबशी म्हणाले.

"भोलेनाथ भागकर कहीं जा रहा है क्या? गाँठ नहीं रुकेगी. आज ही अपने आदमी को बोल."

दुपारी हे जेवायला आले तेव्हा मी सगळं सांगितलं. यांच्या हातातला घास तसाच राहिला. "इतके दिवस एकटीने?" एवढंच म्हणाले आणि रडू लागले. यांना रडताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात माझी एक बाजू काढून टाकली. डॉक्टर म्हणाले, "आणखी थोडे महिने थांबला असतात तर..." मी जगले. बरी झाल्यावर कॅम्पातल्या बराकींमधून दोनदा हिंडले, पण नावच विचारलं नव्हतं, ती सापडणार कशी? शेजारणी म्हणतात, महादेवच आला. मी वाद घालत नाही. देवावर भार टाकला म्हणत होते, पण लाज मात्र स्वतःपाशीच धरून बसले होते. ती टाकली तेव्हाच माझा भार खरा त्याच्याकडे गेला.

पुढच्या चैत्रात हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांना मी हे सगळं उघड सांगितलं. बदलापूरहून आलेल्या माझ्या वन्सं, म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, ताडकन म्हणाल्या, "चारचौघींत हे काय बोलणं तुझं! जीभ आहे का काय आहे!" कैरीची डाळ कुणालाच गोड लागली नाही. बायका लवकर उठल्या.

वन्सं मात्र उठल्या नाहीत. शेवटची बाई गेली तशी त्यांनीच दाराला कडी घातली आणि माझ्यासमोर येऊन चोळीची गाठ सोडली.

"बघ गं," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. दुखत नाही."

मी हात पुढे केला. देवाने मला मागे का ठेवलं, ते मला त्या घटकेला कळलं.