सहीआधीचं भाषण

जामीनकाका हे नाव त्यांना कोणी चिकटवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण काकांना ते आवडायचं एवढं खरं. पाणीपट्टीच्या कचेरीत ते हेडक्लार्क. साऱ्या गोतावळ्यात तेव्हा पक्की नोकरी त्यांची एकट्याची. बाकी कुणाचं दुकान, कुणाचं गॅरेज, आणि कुणाचं काय चाललंय ते त्याचं त्यालाही ठाऊक नसायचं. त्यामुळे नात्यातल्या पोराला कॉलेजसाठी कर्ज काढायचं झालं, की बँक पक्क्या पगाराचा जामीनदार मागायची आणि सगळ्यांची पावलं काकांच्या दाराकडे वळायची.

काका पैशाला शिवत नसत. ते फक्त भाषण करत. पहिल्या खेपेला ‘विचार करून सांगतो’, दुसऱ्या खेपेला गुणपत्रिका पाहून एक लांब उसासा, आणि तिसऱ्या खेपेला मुख्य कार्यक्रम. पोरगं खुर्चीच्या कडेवर, आईबाप पलंगावर, काकू चहाचे कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात. सुरुवात अंथरूण पाहून पाय पसरण्यापासून व्हायची, मग हल्लीच्या मुलांचे बूट, मग मोबाइल, आणि शेवटी काका रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून कसे शिकले ते. तेव्हा घरात वीज होती, आणि काका बाहेर जाऊन बसत ते वडिलांच्या घोरण्याला कंटाळून, हे थोरल्या नणंदेने काकूंना कधीच सांगून टाकलं होतं. काकू गप्प राहत. संसार करायचा तर नवऱ्याचा एखादा दिवा जळू द्यावा लागतो.

मग खिशातलं शाईचं पेन निघायचं. सही अशी, की पहिलं अक्षर कागदाबाहेर उडी मारू बघायचं. खाली दोन रेघा, रेघांखाली टिंब. आईबापांचे डोळे भरून आले की काका म्हणत, त्यात काय एवढं.

सबंध भाषण ऐकूनही सही मिळाली नाही अशी एकच मुलगी. काकूंच्या भावाची. सासुरवाडीला जामीन राहणं म्हणजे विहिरीत उतरून दोर वर फेकणं, असं काका म्हणाले. ती मुलगी कप विसळून ठेवून निघून गेली. पुढे एका संस्थेची मदत मिळवून, कॉलेजच्याच वाचनालयात पुस्तकं झाडून ती शिकली आणि सरकारी दवाखान्यात नर्स झाली. काकू तिला भेटत, पण घरी तिचं नाव काढत नसत.

अशात काकांच्या स्वतःच्या लेकीला जनावरांच्या डॉक्टरकीला प्रवेश मिळाला. लहानपणापासून गल्लीतल्या मांजरांना पट्ट्या बांधणारी पोर ती, दुसरं काही तिच्या डोक्यातच नव्हतं. शुक्रवारपर्यंत फी भरायची, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्याला. काका इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत गेले. तिथल्या बाईंनी संगणकात पाहिलं आणि हळू आवाजात समजावलं, की वडील म्हणून ते कर्जात आहेतच, जामीनदार तिसरा माणूस लागतो. त्यातून काका जामीन राहिलेलं एक कर्ज थकलेलं आहे, तेव्हा तो तिसरा भक्कम हवा. थकवणारा कोण, तर ज्याच्यासाठी काकांनी सगळ्यांत लांब भाषण केलं होतं तोच.

काका बाहेर येऊन काकूंना म्हणाले, काही काळजी नाही, आपण माणसं पेरून ठेवलीत.

पेरलेल्यांपैकी पहिला म्हणजे त्यांचा थोरला पुतण्या, आता विमा कचेरीत साहेब. त्याने दोघांना केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला, लेकीची गुणपत्रिका पाहिली आणि लांब उसासा टाकला. मग खुर्ची मागे रेलून सुरू झाला. अंथरूण, पाय, बूट. काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. काका खुर्चीच्या कडेवर बसले होते. पुतण्या टोमणा मारत नव्हता, हेच मोठं नवल. त्याला ते सगळं मनापासून स्वतःचंच वाटत होतं. मोबाइलपाशी तो जरा अडखळला, तेव्हा काका चटकन म्हणाले, “यानंतर दिवा.”

“हो, दिवा,” पुतण्या म्हणाला आणि दिवा स्वतःच्या नावावर लावून मोकळा झाला. शेवटी म्हणाला, “काका, विचार करून सांगतो. पुढच्या आठवड्यात एक चक्कर टाका.”

जिन्यात काका म्हणाले, पोरगा चांगलं बोलतो. मग दोन पायऱ्या उतरून कठड्याला धरून उभे राहिले. चेहरा उतरला होता.

काकूंनी त्यांच्या हातातली फाइल काढून घेतली. “आता मी नेते तिथे चला,” त्या म्हणाल्या, “आणि तोंड उघडायचं नाही.”

काकूंची भाची दुपारची पाळी संपवून वॉर्डाबाहेर आली. काकूंनी चार वाक्यांत सांगितलं. भाचीने कागद औषधांच्या ट्रॉलीवर ठेवला आणि विचारलं, “आत्या, कुठे करू?” काकूंनी बोट ठेवलं. तिने बॉलपेनने बारीकशी सही केली, पगाराची स्लिप उद्या सकाळी बँकेत आणून देते म्हणाली.

इतकं सोपं काम काकांना पाहवेना. तोंड न उघडण्याचं ते विसरले. “अगं, निदान वाचून तरी बघ. जामीन म्हणजे पोरखेळ नव्हे.”

“वाचलंय काका. तुम्ही तेव्हा समजावलं होतंत की, दीड तास.” तिने पेनाला टोपण लावलं. “माझी एकच अट आहे. तिला शिकू द्या. दिव्याची गोष्ट नको.”

गुरुवारी कर्ज मंजूर झालं, शुक्रवारी फी भरली गेली.

पुढच्या महिन्यात गॅरेजवाला चुलतभाऊ मुलाला घेऊन सहीसाठी आला. माझी सही आता बँकेत चालत नाही, हे काकांनी दारातच सांगितलं. तो बिचारा मागे वळला, तर काका म्हणाले, “आलाच आहात तर बसा ना जरा.”

काकूंनी चहाचं आधण ठेवलं. लेक आत अभ्यास करत होती. तिच्या खोलीचं दार त्यांनी आठवणीने लावून घेतलं.