भरावाखालचं पाणी

रोज सकाळी तो भरावाच्या पायथ्याशी उकिडवा बसायचा, पाझरणारं पाणी काचेच्या ग्लासात धरायचा आणि उन्हाकडे करून बघायचा. मग मला हाक मारायचा, "नितळ हाय, आक्का. थापा भाकरी."

काष्टीकडच्या आमच्या माळावर मालकानं मातीचा भराव घालून तलाव केलाय. पुण्याचे पाहुणे बोटीत बसायला येतात. मी त्यांच्यासाठी चुलीवर भाकरी करते. तो तलावाचा राखणदार. आधी पाटकरी होता, कालव्यावर जन्म गेलेला. हातातला ग्लास बघून पाहुण्यांना वाटायचं, म्हातारा सकाळीच सुरू झाला. मातीचा भराव थोडा पाझरतोच, तो सांगायचा. पाणी नितळ आहे तोवर भ्यायचं नाही, गढूळ आलं की समजायचं आतून माती चालली. एकच गोष्ट शंभरदा सांगणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आम्ही ऐकून सोडून द्यायचो.

एका शुक्रवारी ग्लासात चहासारखं पाणी आलं. तो मालकाला म्हणाला, पाणी सोडायची तळातली मोरी उघडून तलाव खाली करा. शनिवार-रविवारचं बुकिंग आहे, सोमवारी बघू, मालक म्हणाला. यानं न विचारता मोरी उघडली. रविवारी बोटी चिखलात बसल्या. मालकानं त्याला हाकललं, गावानं वेड्यात काढलं. मीही म्हणाले, "माझी चूल विझवलीस."

"तुमचं घर भरावाच्या खाली हाय, आक्का," एवढंच बोलून तो शेवगावला लेकीकडे गेला.

पुढच्या आठवड्यात, तलाव परत भरायच्या आधी, मालकानं मशीननं भराव उकरला. आत मेंढरू मावेल एवढी पोकळी. ड्रायव्हरला चहा द्यायला गेले होते, डोळ्यांनी बघितली. मालकानं ती बुजवून घेतली आणि बजावलं, कुणाच्या कानावर जायला नको. मला चूल पाहिजे होती. गावात मी बोलले नाही. त्यालाही कळवलं नाही. मोबाईल होता माझ्याकडे, त्याचा नंबरही होता.

शेवगावला गेले ती त्याच्या दहाव्याला. लेकीला पोकळीचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "शेवटपातुर इचारत हुते, मावशी. माझी नजर चुकली आसंल का म्हनून."

तिनं चहा केला होता. मी प्याले आणि एसटी धरली.