काळ्या फरशीपाशी थांबलेले काका

माणसाला नावाची काही गरज नसते, यावर आमच्या धाकट्या काकांइतका गाढ विश्वास असणारा माणूस अख्ख्या लातुरात दुसरा झाला नसेल. काकांना जन्मापासून डाऊन सिंड्रोम. अक्षरांशी आणि आकड्यांशी त्यांचं कधी जमलं नाही. माणसांशी मात्र पहिल्या भेटीतच जमायचं. भूकंपात गावाकडचं घर पडलं, आजी त्यात गेली, अंगणात झोपलेले काका तेवढे वाचले. तेव्हा विशीतल्या काकांना बाबा लातुरात आमच्याकडे घेऊन आले. पुढे शहरात क्लासेसचं पेव फुटलं, तशा आम्हीही वरच्या खोल्या शिकायला आलेल्या मुलामुलींना दिल्या. नवा मुलगा सामान घेऊन दारात आला की काका त्याचा हात धरून विचारत, "तुज्या गावचा बाजार कवा?" मुलगा गोंधळून वार सांगे आणि तेच त्याचं नाव होऊन बसे. नायगावकडचा एक ताडमाड मुलगा आमच्याकडे होता तोवर 'बेस्तरवार' म्हणूनच वावरला. एकाच वाराचे दोघं आले तर दुसरा 'धाकला सोमवार'. डॉक्टर होऊन पेढे घेऊन आलेल्या एका मुलीला आमच्यापैकी कुणीच ओळखलं नाही. काका जिन्यातूनच म्हणाले, "शनवार आली. लई वाळली." तिनं पहिला पेढा त्यांनाच दिला.

पंचेचाळिशी ओलांडल्यावर काका बदलले. ते आमच्या लक्षात यायला वेळ लागला, कारण त्यांनी काहीही केलं तरी आम्ही म्हणायचो, काका असेच आहेत. एकाच मुलाला दोनदा जेवणाचा डबा देत, शर्ट उलटा घालत. मग एका दुपारी ते बैठकीतल्या आरशासमोर उभे दिसले. हळू आवाजात आईला म्हणाले, "वहिनी, त्याला आत घ्या. कवाचा उभा हाय बिचारा." आईच्या हातातलं ताट खाली आदळलं.

त्यानंतर बोळ. आमच्या घरातल्या बोळात मधोमध काळ्या फरशीचा पट्टा आहे. काका वर्षानुवर्षं त्यावरून चालत आलेले. एके दिवशी जेवणाच्या वेळी ते पट्ट्यापाशी थबकले, पायाचा अंगठा पुढं करून चाचपला आणि मागे ओढला. "पुढं भुई न्हाई," ते म्हणाले. मागे ताटं घेऊन उभी असलेली मुलं जागच्या जागी थिजली. त्याच आठवड्यात जमिनीतून गुरगुरल्यासारखा आवाज आला होता आणि भूकंपातून वाचलेल्या माणसाला असलं काही आधी कळतं, अशी कुजबुज झाली. भौतिकशास्त्र तोंडपाठ असलेल्या त्या मुलांनी दिवेलागणीच्या आत आपापल्या गाद्या अंगणात आणल्या. शेजारच्या मावशी लिंबू उतरवून गेल्या. आई म्हणाली, भावजींना गेलेली माणसं दिसायला लागलीत. मी हसले खरी, पण त्या आरशावरून जाताना मान खाली घालू लागले.

शेवटी बाबा आणि मी काकांना नांदेडच्या एका डॉक्टरबाईंकडे घेऊन गेलो. काय काय येईनासं झालंय, असं त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, त्याला आधीपासूनच फारसं काही येत नव्हतं.

"मग जे येत होतं ते सांगा," बाई म्हणाल्या. "यांची तुलना यांच्याशीच करायची, दुसऱ्या कुणाशी नाही."

मी बाजाराचे वार सांगू लागले. बेस्तरवार, शनवार सांगून झाले, आणि पुढचं सांगता येईना. यंदा आलेल्या मुलांपैकी एकालाही काकांनी वार दिला नव्हता, आणि ते आम्हाला त्या टेबलापाशी बसल्यावर कळत होतं. बाईंनी थायरॉइड, कान, डोळे सगळं तपासून घेतलं. कानातला मळ निघाला; आजार तेवढ्यानं निघणारा नव्हता. हा स्मृतिभ्रंश, डाऊन असलेल्यांना तो लवकर गाठतो. काळी फरशी त्यांना खड्ड्यासारखी दिसते, आरशातला माणूस परका वाटतो. त्यांचं बोलणं खोडून काढू नका, असंही बाईंनी बजावलं. परतताना गाडीत मला वाटलं, भूत असतं तर बरं झालं असतं. लिंबानं गेलं तरी असतं.

पट्ट्यावर चटई आली, आरशावर चादर, मुलं गाद्यांसकट पुन्हा वरच्या खोल्यांत गेली. मग काका एका संध्याकाळी विचारू लागले, "आई कुठं हाय?" बाबा गणिताचे मास्तर, चुकीचं उत्तर त्यांच्या तोंडून निघतच नाही. त्यांनी खरं ते सांगितलं, आई भूकंपात गेली. काका आत्ताच कळल्यासारखे हमसून रडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न आला, तेव्हा बाबा पायरीवर त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

"शेतात गेलीय," ते म्हणाले. "येतीच आता."

काका निवांत झाले. तेव्हापासून दोघं भाऊ रोज संध्याकाळी पायरीवर फाटकाकडं तोंड करून बसतात. परवा काका बसल्या बसल्याच पेंगले होते. मी बाबांना म्हटलं, आत चला, चहा झालाय. बाबांनी फाटकावरची नजर काढली नाही. म्हणाले, "थांब जराशी."