कोरं बोट

सकाळी मत देऊन आले. बोटावरच्या शाईचा वास आला आणि पन्नास वर्षांपूर्वीचं, बंगालमधल्या बालीगंजचं मतदान केंद्र आठवलं.

कॉलेजने तासांतून सूट देऊन आम्हा मुलींना तिथे मतदार यादीवर बसवलं होतं. "बंगाली वाचता येतं ना?" अधिकाऱ्यांनी विचारलं. आम्ही मराठी, मला बंगाली नुसतं बोलता यायचं. तरी ऐटीत "हो" म्हणाले आणि अंदाजाने नावांवर खुणा करत गेले.

दुपारी एक म्हातारी आली. तिच्या नावावर आधीच खूण होती. माझीच, चुकलेली. अधिकारी खेकसले, "एकदा मत देऊन गेलात ना?" तिने आपलं कोरं बोट माझ्यासमोर धरलं. मी यादीतून मान वर केली नाही.

ती गेल्यावर अधिकारी म्हणाले, "शाबास! डोळ्यांत तेल घालून काम करतेस."

मी "थँक यू" म्हणाले.