बुट्टीतले फोन

नीट चालणाऱ्या टीव्हीचा किस्सा कधी कुणी सांगितलाय? न्हाय ना. मग मारुती आप्पाच्या घरी एवढे किस्से का साठले, ते निराळं सांगायला नको. मी चौथी नापास, पण एवढं मलाही कळतं.

उचगावात आप्पाच्या सोप्यात आम्ही तिघं म्हातारे रोज बसतो. आप्पा, मी म्हणजे दौलू, आणि परसू. परसूनं जन्मभर बस चालवली. आप्पा जुना पैलवान, पण खुबा मोडल्यापासून खुर्चीतच. त्याचा सगळा जीव नातीत, रेणुकात. तिला पहिला डाव त्यानंच शिकवला. तिचा बाप, म्हणजे आप्पाचा लेक, बेंगळुरात कॉम्प्युटरचं काम करतो. त्यानं यंदा तोंडावर सांगून टाकलं होतं, "फायनल जिंकली तर पुढच्या कॅम्पला जाऊ दे. हरली तर कुस्ती बास. लग्नाचं बघायचं."

कुस्त्या होत्या लांब, दुसऱ्या राज्यात. आप्पाला बघायचं म्हटलं तर टीव्ही सोडून वाट नव्हती. आणि तो टीव्ही अडखळत होता!

* * *

लेकानंच टीव्हीला जोडायला एक काळा, डब्याएवढा कॉम्प्युटर पाठवला. फोनवर म्हणाला, "आप्पा, डिश काढून टाका. आता सगळं लाईव्ह नेटवर येतंय."

डिश काढली. आक्का, म्हणजे आप्पाची बायको, तिच्यात मिरच्या वाळत घालते.

पहिल्या दिवशी बातम्या लावल्या. बातम्यांची बाई तोंड उघडायची आणि तशीच राहायची. परसू म्हणाला, "दातवाल्या डॉक्टरकडं बसल्यागत दिसतीया!"

मी म्हटलं, "डिशनं मिरच्या तरी वाळवल्या. ह्यानं काय केलं?"

आप्पा हसला नाही.

* * *

लेक फोनवर म्हणाला, "डबा गरम होतोय काय बघा."

आप्पानं मला हात लावायला सांगितलं. लावला. भाकरी भाजली असती! आक्कानं धूळ बसू नये म्हणून त्यावर क्रोशाचा रुमाल घातलेला, दोन घड्या करून. रुमाल काढला. तासभर चित्र बरं चाललं, मग परत तेच.

परसूनं टेबल फॅन आणून कॉम्प्युटरकडं तोंड करून ठेवला. ऐन उन्हाळ्यात आम्ही तिघं घामानं थबथबलेले आणि वारा डब्याला!

मी म्हटलं, "माझ्या लग्नात मला एवढा वारा घातला नव्हता कुणी."

आक्का आतनं म्हणाली, "तुमास्नी घालून काय उपयोग?"

* * *

शेवटी बेळगावहून नेटवाला आला. कानडी माणूस, पण मराठी आमच्यापेक्षा सरळ. अर्धा तास वायरी बघितल्या आणि म्हणाला, "अज्जा, लाईन बरी आहे. तुमचे तीन फोन वायफायवर आहेत, तेच नेट खातात."

परसूनं खिशातला फोन काढला. आत एक व्हिडिओ आपला आपणच चाललेला! गडी दोन महिने ते खिशात घेऊन बसत होता.

त्या दिवसापासून आप्पाचा कायदा. आल्या आल्या चपला बाहेर, आणि फोन वायफाय बंद करून दाराजवळच्या वेताच्या बुट्टीत. आप्पाचा स्वतःचासुद्धा.

नेटवाल्यानं जाताना चित्र जरा हलक्या प्रतीचं करून दिलं. म्हणाला, "कमी अडखळेल, पण तोंडं पुसट दिसतील."

"दिसू देत," आप्पा म्हणाला. "रेणीला मी पायावरनं वळखतो."

* * *

सेमीफायनलला रेणुका चार गुणांनी मागं होती. आम्ही मान खाली घालून बसलेलो. एवढ्यात बुट्टीतले तिन्ही फोन एकदम वाजायला लागले! परसू धावला. एक उचलला, तर पलीकडनं गलका, "जिंकली! नात जिंकली तुमची!"

आणि टीव्हीवर ती अजून हरतच होती!

मिनिटभरानं आमच्या टीव्हीवर तिनं समोरचीला उचलून पाठीवर टाकली. आप्पानं डोळे पुसले.

नेटवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "नेटवरचं लाईव्ह डिशच्या मागनंच येतं, अज्जा. अडखळलं की आणखी मागं पडतं. ह्याला औषध नाही."

"लाईव्ह म्हणं!" मी म्हटलं.

त्या सांजेला आप्पाच्या फोनला उसंत नव्हती. पोरीनं चड्डी घालून कुस्ती खेळायची काय, असं पारावर बसून बोललेले सगळे लाईनीत. मी आप्पाला म्हटलं, "जिंकल्यावर सगळेच पाव्हणे."

आप्पा म्हणाला, "असू दे रं. वाजतोय न्हवं!"

* * *

फायनल दुसऱ्या दिवशी चारला. आक्कासुद्धा पदर खोचून उंबऱ्यात बसली. फोन बुट्टीत. फॅन डब्याला.

रेणुका चार-तीन अशी पुढं. घड्याळात बारा सेकंद. समोरचीचा पाय हिच्या हातात. आणि चित्र थांबलं. मधे ते गोल गोल फिरायला लागलं.

परसूनं फॅन आणखी जवळ सरकवला. चित्र एक हिसका देऊन पुढं गेलं. अकरा सेकंद. परत थांबलं.

शेजारच्या डिशवाल्या घरात मघापासनं आरडाओरडा चाललेला. तो थांबला. मग कुणीतरी टीव्हीच बंद केला.

परसूनं बुट्टीकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी भिंतीकडं बघितलं. आक्का उठली आणि आत गेली. भांडी घासायला लागली. घासलेलीच होती.

टीव्हीवर रेणुका चार-तीन पुढंच. पाय अजून तिच्या हातात.

आप्पानं नजर हलवली नाही. म्हणाला, "दौलू, तुझा फोन घे रं बुट्टीतला. माझ्या फोनावर एक रिंग मार बघू. बिघडलाय का काय त्यो."

मी मारली.

खणखणीत वाजला.